अकरा गाणी, छत्तीस मिनिटे

ट्रेसी चॅपमन या अमेरिकन गायिकेचा पहिला अल्बम ५ एप्रिल १९८८ रोजी इलेक्ट्रा रेकॉर्ड्स या कंपनीने बाजारात आणला. त्याला वेगळे नाव दिलेले नव्हते; गायिकेचे नाव तेच अल्बमचे नाव. त्यात अकरा गाणी आहेत. सगळी तिनेच लिहिली, चालीही तिच्याच. सलग ऐकायला सुमारे छत्तीस मिनिटे लागतात. चॅपमन तेव्हा नुकतीच चोवीस वर्षांची झाली होती आणि बॉस्टन परिसरातल्या कॉफीहाउसांच्या बाहेर तिला ओळखणारे थोडेच होते. पण ऑगस्ट संपायच्या आत हा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. ब्रिटनमध्येही तो पहिला आला आणि जगभरात त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या असे मानले जाते. दारिद्र्य, घरातली मारहाण, वंशद्वेष आणि बेकारी यांविषयीच्या गाण्यांना एवढा मोठा श्रोतृवर्ग क्वचितच मिळतो. नशिबाचा हात त्यात होता, पण नशिबाने फक्त लोकांचे कान त्या आवाजाकडे वळवले. पुढचे काम गाण्यांनी स्वतःच केले.

हा अल्बम ज्या परंपरेतला आहे तिला फोक-रॉक म्हणतात. अमेरिकेत लोकगीतांच्या धर्तीवर नवी गाणी रचून ती एकट्याने गिटारवर म्हणायची, त्यांत कष्टकऱ्यांची आणि स्थलांतरितांची सुखदुःखे सांगायची, ही रीत वुडी गथ्री आणि पीट सीगर यांनी १९४० च्या दशकात रुजवली. बॉब डिलन याच परंपरेतला. १९६५ च्या जुलै महिन्यात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि वाद्यवृंद घेऊन गायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या रसिकांचा मोठा गट बिथरला. पण त्याच सुमारास लोकगीतांची कथनशैली आणि रॉकचा ठेका यांची जोड जमली आणि टिकली. पुढे जोनी मिचेल, जेम्स टेलर यांच्यासारख्या कलावंतांनी त्यात अगदी खासगी अनुभवांची भर घातली. गाणे लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा एकच, ही या प्रकाराची खूण ठरली.

ऐंशीच्या दशकात मात्र या गाण्याला उतरती कळा लागली होती. सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांनी ध्वनिमुद्रणाचे रूप पालटले होते. १९८१ मध्ये एमटीव्ही वाहिनी सुरू झाल्यापासून गाण्याइतकेच त्याच्या चित्रफितीला महत्त्व आले होते. लाकडी गिटार घेऊन उभा राहणारा गायक आता जुन्या जमान्यातला वाटू लागला. अपवाद होते. न्यूयॉर्कच्या सुझॅन व्हेगाने १९८७ मध्ये मार खाणाऱ्या एका मुलाच्या तोंडी घातलेले ‘लुका’ हे गाणे रेडिओवर गाजवले आणि साध्या गिटारीला अजून श्रोते आहेत हे कंपन्यांच्या ध्यानात आणून दिले. चॅपमनपुढे तरीही एक जादा अडथळा होता. लेडबेली, एलिझाबेथ कॉटन, ओडेटा अशा कृष्णवर्णीय कलावंतांनी अमेरिकन लोकसंगीताला घडवले होते. पण रेकॉर्डच्या दुकानांतली आणि रेडिओ केंद्रांवरची वाटणी वर्णावरून ठरत असे. काळ्या गायिकेने सोल किंवा ऱ्हिदम अँड ब्लूज गावे, गिटारवरची लोकगीते गोऱ्यांची, असा तिथला समज होता. चॅपमन या कप्प्यात बसत नव्हती आणि तिने बसायचा प्रयत्नही केला नाही.

तिचा जन्म ३० मार्च १९६४ रोजी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात झाला. आईवडील विभक्त झाले तेव्हा ती चार वर्षांची होती. आईने तिला आणि तिच्या बहिणीला तुटपुंज्या मिळकतीत वाढवले. आईनेच तिला तीन वर्षांची असताना युकुलेली हे लहानसे तंतुवाद्य आणून दिले. आठव्या वर्षी ती गिटार वाजवू लागली आणि गाणीही रचू लागली. गिटारची ओढ ‘ही हॉ’ या दूरचित्रवाणीवरच्या कंट्री संगीताच्या कार्यक्रमामुळे लागली, असे तिने पुढे सांगितले आहे. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण हा अल्बम निघाल्यावर पस्तीस वर्षांनी तिचे गाणे कंट्री संगीताच्याच यादीत अग्रस्थानी जाणार होते.

त्या काळचे क्लीव्हलंड हे पोलादाच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांचे, पण उतरणीला लागलेले शहर होते. कारखाने बंद पडत होते, गोरे मध्यमवर्गीय उपनगरांत निघून जात होते आणि १९७८ च्या डिसेंबरात तर नगरपालिकेला कर्जाचा हप्ताही चुकता करता आला नाही. काळ्या आणि गोऱ्या वस्त्यांमधल्या तणावाची झळ शाळांपर्यंत पोहोचली होती. या अल्बममधली रिकाम्या हातांची माणसे, रुळांच्या अलीकडची आणि पलीकडची वस्ती, निघून जाण्याची ओढ, हे सगळे या शहरातून आले आहे. अल्बममध्ये शहराचे नाव मात्र एकदाही येत नाही.

अल्पसंख्य समाजातल्या हुशार मुलांना चांगल्या खासगी शाळांत पाठवणाऱ्या ‘अ बेटर चान्स’ या योजनेतून तिला कनेटिकट राज्यातल्या डॅनबरीच्या वूस्टर स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. श्रीमंत घरांतल्या मुलांमध्ये वावरताना तिला दोन अमेरिका शेजारी शेजारी दिसल्या. ‘टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन’ हे गाणे तिने तिथेच सोळाव्या वर्षी लिहिले. तिची जुनी गिटार पाहून शाळेच्या धर्मगुरूंनी वर्गणी जमवून तिला नवी घेऊन दिली. पुढे ती बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकायला गेली. शिक्षण चालू असताना ती केंब्रिजच्या हार्वर्ड चौकात रस्त्यावर उभी राहून गाई. याच परिसरातल्या क्लब ४७ मध्ये पंचवीसेक वर्षांपूर्वी लोकगायिका जोन बाएझने गायला सुरुवात केली होती. रस्त्यावर गाणाऱ्याला एक शिस्त आपोआप लागते: पहिल्या दोन ओळींत जाणारा माणूस थांबला नाही तर तो गेलाच. चॅपमनच्या गाण्यांच्या सुरुवाती इतक्या सरळ का आहेत, याचे एक उत्तर या चौकात आहे.

टफ्ट्समध्येच ब्रायन कोपेलमन हा विद्यार्थी होता. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीविरुद्ध विद्यार्थ्यांनी चालवलेल्या निदर्शनांत त्याने चॅपमनला गाताना ऐकले आणि तो तिच्या मागेच लागला. त्याचे वडील चार्ल्स कोपेलमन संगीत प्रकाशनाच्या धंद्यात होते. चॅपमनला या ओळखीत फारसा रस दिसेना, तेव्हा विद्यापीठाच्या डब्ल्यूएमएफओ या रेडिओ केंद्रात तिने मुद्रित करून ठेवलेल्या गाण्यांची टेप ब्रायनने तिथून काढून आणली आणि वडिलांना ऐकवली. करार झाला, मग इलेक्ट्रा रेकॉर्ड्सशी बोलणी झाली. नील यंग आणि जोनी मिचेल यांचे काम पाहिलेले एलियट रॉबर्ट्स तिचे व्यवस्थापक झाले.

ध्वनिमुद्रणासाठी निर्माता म्हणून डेव्हिड कर्शनबॉमची निवड झाली. जोन बाएझच्या १९७५ मधल्या ‘डायमंड्स अँड रस्ट’ या अल्बमवर त्याने काम केले होते, त्यामुळे आवाज आणि लाकडी गिटार यांना मध्यभागी ठेवून बाकीचे वाजवणे त्यांच्याभोवती कसे मांडायचे हे त्याला ठाऊक होते. हॉलिवूडमधल्या पॉवरट्रॅक्स या स्टुडिओत काम पार पडले. ड्रमवर डेनी फाँगहायझर, बेस गिटारवर लॅरी क्लाइन, तालवाद्यांवर ब्राझीलचा पाउलिन्यो दा कोस्टा अशी अनुभवी माणसे होती. या सगळ्यांनी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे राखलेला संयम. वाद्ये भरपूर आहेत, हॅमर्ड डल्सिमर, हार्मोनिका, ऑर्गन, स्टील गिटार हे सगळे कुठे ना कुठे वाजते. पण आवाजावर कुरघोडी करणारा एकही क्षण अख्ख्या अल्बममध्ये सापडत नाही. त्या वर्षीच्या बहुतेक रेकॉर्डवर ड्रमला मोठ्या दालनातल्यासारखा घुमारा देण्याची फॅशन होती. इथे ती पाळलेली नाही, आणि म्हणून त्याच वर्षीचे कितीतरी लोकप्रिय अल्बम आज कालबाह्य वाटत असताना हा ताजा वाटतो.

मुखपृष्ठही त्याच वृत्तीचे आहे. मॅट माहुरिनने काढलेल्या तपकिरी छटेच्या छायाचित्रात चॅपमनचा चेहरा खाली झुकलेला आहे, ती कोणाकडेही पाहत नाही. प्रत्येक गायिकेने कॅमेऱ्याकडे बघून हसावे असा बाजाराचा आग्रह होता, त्या काळात हे धाडसच होते.

अल्बमचे पहिले गाणे ‘टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन’. सरकारी मदतीच्या, बेकारांच्या रांगांत तिष्ठणारी माणसे एक दिवस उठतील आणि आपला वाटा घेतील, असा त्याचा आशय. महाराष्ट्रात डफ आणि तुणतुण्यावर गाणारे शाहीर ज्यांनी ऐकले आहेत त्यांना विषय अगदी ओळखीचा वाटेल, पण मांडणी उलट्या टोकाची आहे. शाहीर समोरच्या जमावाला हाक देतो. चॅपमन सांगते की हा बदल कुजबुजीसारखा येतो आहे, आणि तशाच दबलेल्या आवाजात ती ते सांगू लागते. गाणे तापत जाते, पण ओरडत नाही. सोळा वर्षांच्या मुलीचा भाबडेपणा त्यात आहे, तो लपवलेलाही नाही. त्या वयाच्या विश्वासानेच ते खरे वाटते.

दुसरे गाणे ‘फास्ट कार’. या अल्बमची कीर्ती मुख्यतः त्याच्यामुळे आहे आणि ते योग्यही आहे. त्यातली गोष्ट एका तरुणीने सांगितलेली आहे. तिचा बाप दारूत बुडालेला, काम करण्याच्या पलीकडे गेलेला. आई कंटाळून निघून गेलेली. बापाकडे पाहणारे कोणी नाही म्हणून मुलीने शाळा सोडली. ती एका लहानशा दुकानात काम करून थोडे पैसे साठवते. तिच्या मित्राकडे वेगवान गाडी आहे. दोघांनी शहरात जायचे, कामधंदा शोधायचा, माणसासारखे जगायचे, असा तिचा बेत. ते जातात. ती दुकानात बिले करण्याचे काम मिळवते, त्याला काम मिळत नाही. मुले होतात. शेवटी तोही दारूच्या अड्ड्यावर मित्रांबरोबर बसू लागतो, मुलांपेक्षा त्यांनाच जास्त भेटतो. घर चालवणारी ती एकटीच. ज्या घरातून ती पळाली तेच घर तिच्याभोवती पुन्हा उभे राहते. या गोष्टीत ज्या एकाच रात्री सगळे बरे चालले होते, तिची आठवण परत परत येते: गाडीचा वेग, समोर पसरलेले शहराचे दिवे, खांद्यावर त्याचा हात आणि आपणही कोणीतरी होऊ शकतो अशी वाटलेली खात्री.

गाण्याची बांधणी या गोष्टीशी घट्ट जुळलेली आहे. गिटारवर चार स्वरसमूहांचे एक छोटे आवर्तन सुरुवातीपासून फिरत राहते. मूळ स्वरसमूहावर ते क्षणभर टेकते आणि लगेच पुढे सरकते. आवर्तन तिथे कधीच संपत नाही. घरी पोहोचल्याचा दिलासा ऐकणाऱ्याला मिळत नाही, कारण गोष्टीतल्या मुलीलाही तो मिळत नाही. कडव्यांमध्ये चॅपमन जवळजवळ बोलल्यासारखी, एका सुराच्या आसपास राहून गाते. लोकप्रिय गाण्यात ध्रुवपद लवकर आणायचे असते, इथे ते बऱ्याच उशिरा येते. तोपर्यंत ऐकणारा त्या मुलीची सगळी परिस्थिती जाणून असतो. मग ड्रम पूर्ण ताकदीने सुरू होतात, आवाज वर चढतो, आणि गाडी खरोखरच रस्त्याला लागल्यासारखी वाटते. ध्रुवपद संपले की पुन्हा तीच एकटी गिटार. प्रत्येक वेळी ही आठवण जशीच्या तशी परतते, आजूबाजूचे आयुष्य मात्र बदललेले असते, त्यामुळे पहिल्यांदा आशेने भरलेले तेच शब्द शेवटी जीव कासावीस करतात.

शेवटच्या कडव्यात ती त्याला स्वतःचा निर्णय करायला सांगते. सुरुवातीला दोघांच्या सुटकेसाठी असलेली गाडी आता त्याने घेऊन जावी, असे तिच्या बोलण्यात आहे. ती जिंकली की हरली हे गाणे सांगत नाही. उपदेश नाही, बापाला किंवा मित्राला दूषणे नाहीत. दोघांच्या वर्णाचा उल्लेखही नाही. कोणत्याही देशातल्या, कोणत्याही निमशहरातून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलीला यात जागा सापडते, याचे कारण या वगळण्यात आहे.

तिसऱ्या ‘अक्रॉस द लाइन्स’मध्ये वर्णाचा प्रश्न थेट येतो. काळ्यांची आणि गोऱ्यांची वस्ती विभागलेल्या शहरात एका लहान काळ्या मुलीवर हल्ला होतो, वर्तमानपत्रात बातमी येते, दंगल पेटते, दोन काळी मुले मारली जातात, एका गोऱ्या मुलाची दृष्टी जाते, आणि सरतेशेवटी सगळ्याचे खापर त्या मुलीच्याच माथी फुटते. डल्सिमरचे नाजूक, चमकते स्वर या गाण्यात आहेत. भयंकर मजकुराखाली ते वाजत राहतात तेव्हा अंगावर काटा येतो. शाळांमधले वर्णभेद मिटवण्यासाठी मुलांना बसमधून दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत नेण्याच्या आदेशावरून बॉस्टनमध्ये १९७४ नंतर जे हिंसक प्रकार झाले, त्यांची आठवण त्या शहरात तेव्हा ताजी होती.

चौथे गाणे ‘बिहाइंड द वॉल’ हा या अल्बमचा सर्वांत धीट प्रयोग म्हणायला हवा. दोन मिनिटांहूनही छोटे. त्यात एकही वाद्य नाही, फक्त आवाज. भिंतीपलीकडे शेजारच्या बाईला नवरा मारतो आहे, तिच्या किंकाळ्या ऐकू येतात, झोप लागत नाही. पोलिसांना बोलवून उपयोग नाही, ते आले तर उशिरा येतात आणि नवराबायकोच्या भांडणात आम्ही पडत नाही म्हणतात. मग एका रात्री किंकाळी थांबते आणि रुग्णवाहिका येते. ओळींच्या मध्ये चॅपमन शांतता सोडते. वाद्य नसल्यामुळे ती शांतता भरून काढणारे काहीच नसते, आणि ऐकणारा स्वतःच भिंतीला कान लावून बसलेल्या शेजाऱ्याच्या जागी जातो. घरगुती हिंसेवर पुष्कळ गाणी झाली आहेत. शेजाऱ्याच्या असहायतेतून, आणि थोड्याशा त्याच्या अपराधीपणातून, ती सांगणारे दुसरे इतके चांगले गाणे सापडणे अवघड आहे.

यापुढचे ‘बेबी कॅन आय होल्ड यू’ हे प्रेमगीत. माफी मागण्याचे, प्रेम कबूल करण्याचे साधे शब्द वेळेवर न उच्चारले गेल्याची खंत त्यात आहे. आधीच्या तीन गाण्यांनंतर ते आले की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. गाण्यांचा क्रम लावणाऱ्याची समज इथे दिसते.

अल्बमच्या उत्तरार्धाची उंची सगळीकडे सारखी नाही. ‘माउंटन्स ओ थिंग्ज’मध्ये वस्तूंच्या डोंगरांची स्वप्ने पाहणाऱ्या गरीब माणसाची कल्पना चांगली रंगते, तालवाद्यांचा झुलता पडदा तिला शोभतो. रेगेच्या ठेक्यावरचे ‘शीज गॉट हर टिकेट’ त्या मानाने हलके आहे. ‘व्हाय?’ या गाण्यात जगात अन्न असताना माणसे उपाशी का, अशा प्रश्नांची माळ आहे. ते सभेत प्रभावी ठरते, पण ‘फास्ट कार’सारखी माणसे त्यात भेटत नाहीत. चॅपमनचे खरे बळ गोष्ट सांगण्यात आहे, घोषणेत नाही, हे या दोन गाण्यांच्या तुलनेत कळते. ‘फॉर माय लव्हर’मध्ये ती पुन्हा गोष्टीकडे वळते: प्रियकरासाठी तुरुंगात गेलेल्या व्यक्तीचे ते मनोगत आहे आणि स्टील गिटारच्या लांबलचक सुरांनी त्याला कंट्री संगीताचा रंग चढला आहे. ‘इफ नॉट नाउ’नंतर शेवटी ‘फॉर यू’ येते, केवळ आवाज आणि गिटार. अल्बम जिथून सुरू झाला असेल त्या लहानशा खोलीत तो परत येऊन थांबतो.

प्रकाशनानंतर समीक्षकांनी अल्बमचे स्वागत केले आणि दोन महिन्यांत त्याच्या सुमारे अडीच लाख प्रती खपल्या. नव्या गायिकेसाठी हा आकडा चांगलाच होता. मग ११ जून १९८८ चा दिवस आला. दक्षिण आफ्रिकेत तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर संगीताचा प्रचंड कार्यक्रम झाला. तो साठांहून अधिक देशांत दूरचित्रवाणीवर दिसला. चॅपमनचे नाव यादीत खाली होते. तिने दुपारी थोडी गाणी म्हटली आणि तिचे काम संपले. संध्याकाळी स्टीव्ही वंडर रंगमंचावर जाण्याच्या बेतात असताना त्याच्या संगणकीय वाद्याची डिस्क सापडेना. तिच्याशिवाय गाणे शक्य नव्हते, तो तसाच परतला. मोकळा वेळ भरून काढायला तयारी न लागणारा कलावंत हवा होता. गिटार आणि मायक्रोफोन एवढेच ज्याला पुरते असे माणूस एकच होते. चॅपमन दुसऱ्यांदा आली आणि तिने ‘फास्ट कार’ म्हटले. मोठमोठे वाद्यवृंद, दिवे आणि नावाजलेले तारे यांनी भरलेल्या दिवसात सत्तर हजारांवर श्रोत्यांचे ते मैदान एकटीच्या गाण्याने शांत झाले. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत अल्बमचा खप वीस लाखांच्या घरात गेला असे सांगितले जाते. ‘फास्ट कार’ अमेरिकेत सहाव्या आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत चढले.

त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षे पूर्ण झाल्याबद्दल ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जगभर वीस मैफलींचा दौरा काढला. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गेब्रिएल आणि सेनेगलचा युसू एनदूर यांच्या जोडीला चॅपमन होती. ३० सप्टेंबर १९८८ रोजी हा ताफा नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आला. परदेशी कलावंतांच्या मोठ्या मैफली तेव्हा भारतात फारच विरळा होत्या. १९८९ च्या फेब्रुवारीत तिला तीन ग्रॅमी मिळाली: सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंत, ‘फास्ट कार’साठी पॉप गायिका आणि अल्बमसाठी समकालीन लोकसंगीताचा पुरस्कार. वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम हा मान मात्र जॉर्ज मायकलच्या ‘फेथ’ला गेला.

या लोकप्रियतेवर तेव्हा एक चर्चा झाली. तिच्या मैफलींना येणारे श्रोते बहुतांशी गोरे आणि सुशिक्षित होते. काळ्या श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांवर ती फारशी वाजत नसे. गरिबांची गाणी सुखवस्तू लोक ऐकतात, यात काही खोट आहे का, असा प्रश्न विचारला गेला. त्यात तथ्य होते, पण दोष गाण्यांचा नव्हता. काळ्या गायिकेची गिटार कोणत्या केंद्रावर वाजवायची हे ठरवणाऱ्यांच्या सवयी त्याला जबाबदार होत्या. शिवाय श्रोत्यांचा तो घेर पुढे मोडला. रात्रपाळीवर ट्रक चालवणारे, हॉटेलांत काम करणारे, आपल्याच घरातल्या दारूशी झगडणारे असे असंख्य लोक या गाण्यांना आपले म्हणत आले आहेत. आवाज हेही याचे एक कारण. चॅपमनचा आवाज खालच्या पट्टीतला, भरीव, किंचित थरथरता आहे. त्यात दया मागण्याचा सूर नाही. ती स्वतःला बिचारी करून घेत नाही आणि ज्यांच्याबद्दल गाते त्यांनाही करत नाही. दुःख ऐकताना श्रोत्याला त्या माणसांबद्दल आदर वाटत राहतो, आणि तो आदर हेच या अल्बमकडे परत परत येण्याचे कारण आहे.

पुढे तिने आणखी सात अल्बम काढले. १९९५ च्या ‘न्यू बिगिनिंग’मधले ‘गिव्ह मी वन रीझन’ हे ब्लूजच्या ढंगाचे गाणे अमेरिकेत ‘फास्ट कार’पेक्षाही वर गेले. २००८ नंतर नवा अल्बम आला नाही आणि ती लोकांसमोरही क्वचितच आली. पहिल्या अल्बममधली गाणी मात्र इतरांच्या गळ्यातून फिरत राहिली. आयर्लंडच्या बॉयझोन या गटाने १९९७ मध्ये ‘बेबी कॅन आय होल्ड यू’ गायले, इंग्लंडच्या जोनास ब्लूने ‘फास्ट कार’ला नाचाचा ठेका दिला. परवानगीच्या बाबतीत ती कडक आहे. तिच्या गाण्याचा भाग विनापरवाना वापरल्याबद्दल निकी मिनाज या रॅप गायिकेवर तिने खटला भरला आणि साडेचार लाख डॉलर घेऊन तो मिटवला.

२०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या ल्यूक कॉम्ब्ज या कंट्री गायकाने ‘फास्ट कार’ पुन्हा गायले. लहानपणी वडिलांबरोबर गाडीतून जाताना त्याने ते ऐकले होते. त्याने गाण्यातले शब्द फारसे बदलले नाहीत. दुकानात बिले करणारी मुलगी मुलगीच राहिली. गाणे बिलबोर्डच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकावर आणि रेडिओवरच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. एकटीने लिहिलेले गाणे या यादीत अग्रस्थानी नेणारी चॅपमन ही पहिली काळी स्त्री ठरली. नोव्हेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी समारंभात ती कॉम्ब्जबरोबर गायला उभी राहिली. केस पांढरे झाले होते, सुरुवातीची गिटार तिनेच वाजवली, आणि पहिले स्वर येताच सभागृहातले लोक उभे राहिले. त्या रात्रीच मूळ ध्वनिमुद्रण खरेदीच्या याद्यांत पुन्हा वर चढले.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत या अल्बमची नोंद केली. त्याच महिन्यात, बरीच वर्षे दुकानांत मिळेनाशी झालेली त्याची तबकडी चॅपमनच्या स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा निघाली. गाणी तीच अकरा ठेवली आणि त्यांचा क्रमही बदलला नाही.